अकरा रविवार आणि दिगूची आये

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, की मी मुळातच अबोल आहे असं लोकांना वाटू लागलं. तसं काही नाही. मी बरंच बोलतो, पण एका गोष्टीच्या आसपास विषय आला की गप्प होतो. दिगू गेला त्याला आता पाच आठवडे झाले. मीनाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या घरी मेथी निवडत बसलो होतो. “भावजी, हे गेले,” ती म्हणाली. मी काही बोलायच्या आतच पुढे म्हणाली, “शोकसभेत तुम्हीच बोला. यांना तुमच्याइतकं कुणी ओळखलं नाही.”

बोरिवलीला त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सभा झाली. मी सात-आठ मिनिटं बोललो. भांडुपची चाळ, पतंग, दिगूचं सुंदर अक्षर, ड्राफ्ट्समन म्हणून त्याचा कारखान्यात असलेला दबदबा. लोक हसले, मग डोळे पुसले. खाली उतरताना त्याच्या मजल्यावरचे एक गृहस्थ माझा हात धरून म्हणाले, “सर, तुम्ही नसता तर ते त्या आजारातून बाहेर आलेच नसते. ते नेहमी सांगायचे, माझा आजार पहिल्यांदा बाळ्यानं ओळखला.” मी हात जोडले. ‘नाही हो, तसं नाही’ एवढंसुद्धा म्हटलं नाही. हा लेख ज्या पुरवणीत छापला जातोय तिच्या संपादिका माझ्या जुन्या विद्यार्थिनी. त्यांनी मित्रावर चार शब्द मागितले तेव्हा मी हो म्हणालो ते यासाठी, की सभेत जे बोललो नाही ते निदान छापलं जावं.

आमची चाळ भांडुपला, कारखान्यांच्या मागे. चाळीस बिऱ्हाडं आणि टोकाला चार संडास. पाणी पहाटे साडेचारला यायचं आणि साडेसहाला जायचं. त्यामुळे त्या दोन तासांतच चाळीतल्या प्रत्येक पोटाला आपलं काम उरकावं लागे. पाच वाजता पहिल्या पाळीचे पुरुष रांगेला यायचे, आणि पुरुष आले की पोरांना कुणी विचारत नसे; दार बडवायचे, शिव्या द्यायचे, कडी नसलेलं दार बाहेरून ओढायचे. म्हणून दिगूची आये त्याला साडेचारलाच उठवायची. आम्ही साताऱ्याकडचे, दिगूकडची परब मंडळी मालवणची, पण चाळीतली सगळी पोरं तिला आयेच म्हणायची. माझी आई पहिल्या पाळीला गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची, त्यामुळे मलाही आयेच उठवायची. तिच्या एका हातात दिगूचा पाण्याचा डबा, दुसऱ्यात माझा. आम्हाला शेजारशेजारच्या संडासांत बसवून ती दारांकडे पाठ करून उभी राहायची, दोन्ही दारं दोन हातांनी लोटून धरून. “बसा रे पोरांनू. आटपा. लोकां उभी आसत,” हे तिचं वाक्य माझ्या कानांत अजून आहे. नाही झालं तर रागवायची. “आता नाय तर उद्या सकाळी,” म्हणायची, आणि ते खरंच असायचं, कारण शाळेत ती सोयच नव्हती. झालं की मात्र दोघांच्या पाठीवर थाप, आणि घरी गेल्यावर गूळ.

हा तपशील वाचकांना किळसवाणा वाटेल. पण माझा सगळा गुन्हा या तपशिलावर उभा आहे, म्हणून तो आधी सांगितला.

मी मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि अंधेरीच्या एका कॉलेजात शिकवू लागलो. चाळीतून प्राध्यापक झालेला मी पहिलाच. आणि त्या विषयात मला सगळ्यात जास्त कशानं पकडलं असेल, तर मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या व्हिएन्नाच्या त्या डॉक्टरांच्या सिद्धांतानं. वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मुलाला मिळणारं सुख वाढीबरोबर शरीरात जागा बदलतं, असं तो सिद्धांत म्हणतो. आधी तोंड, कारण बाळ ओढतं, चोखतं, चावतं. मग शी-शूचं वय, तेव्हा धरून ठेवण्यात आणि सोडण्यात मुलाला पहिल्यांदा स्वतःची सत्ता कळते. मग आपण मुलगा की मुलगी याचं भान, आई-बापांविषयीची ओढ आणि भीती. मग काही वर्षं सगळं शांत, आणि वयात आल्यावर पुन्हा उसळी. यांतल्या कुठल्या टप्प्यावर फार लाड झाले किंवा फार धाक बसला, तर मनाचा काही भाग तिथेच अडकून राहतो, आणि पुढे आयुष्यात ताण आला की माणूस त्या अडकलेल्या जागी परत जातो. दाबलेली इच्छा वेष बदलून बाहेर येते, तिलाच आम्ही मज्जाविकृती म्हणून शिकवत होतो. वारंवार हात धुणं, मोजणं, तपासणं, अति टापटीप या सगळ्याचं मूळ दुसऱ्या टप्प्यात. म्हणजे, सरळ भाषेत, आईनं मुलाला संडासला कसं बसवलं यात.

फळ्यावर ‘मुखावस्था, गुदावस्था’ असं लिहिलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. मला त्या हसण्याचाही अभिमान वाटायचा. जे घरात कुणी उच्चारत नाही ते मी चारचौघांत उच्चारतोय, असं वाटायचं. आणि अगदी सगळं खोटं होतं असंही मी आज म्हणत नाही. बालपण पुसलं जात नाही, माणूस जे बोलत नाही तेही ऐकावं, हे मी तिथेच शिकलो. पण ते ऐकताना आधीच उत्तर ठरवून बसायचं नसतं, हे कुणी शिकवलं नाही. किंवा शिकवलं असेल, मी ऐकलं नसेल.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी दिगू एका रविवारी सकाळी माझ्या अंधेरीच्या खोलीवर आला. तिशीच्या आतबाहेरचे होतो आम्ही. त्यानं खिशातून हात बाहेर काढले आणि मी दचकलो. मनगटापर्यंत कातडी सोललेली, पेरांवर चिरा.

“बाळ्या, माझं डोकं फिरलंय का रे?” त्यानं विचारलं.

“काय झालं?”

“हात धुतो. धुतले की वाटतं नळाला लागला. मग नळ धुतो. नळ धुतला की परत हात. काल कारखान्यात ट्रेसिंग पेपरवर ओला हात टेकला, महिन्याचं ड्रॉइंग गेलं. साहेब म्हणतो, परब, घरी जाऊन बस. वाट लागलीय यार. कुणाला सांगू? आयेला सांगितलं तर ती नारळ ओवाळून टाकेल.”

त्या वेळी मी काय करायला हवं होतं ते अगदी सोपं होतं. मी डॉक्टर नव्हतो. मोठ्या इस्पितळात मनोविकारांचा विभाग होता, मला तो माहीत होता, तिथे त्याला घेऊन जायचं. तेव्हाच्या औषधांनी कितपत गुण आला असता कोण जाणे, पण ते औषध असतं. मी त्याऐवजी म्हणालो, “दर रविवारी दहाला ये. आपण मुळाशी जाऊ.” मुळाशी जाऊ… हा शब्द मी किती चवीनं उच्चारला होता ते मला आठवतं.

अकरा रविवार तो आला. मी त्याला माझ्या खाटेवर आडवं करायचो आणि स्वतः त्याच्या डोक्यामागे खुर्ची टाकून बसायचो, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. पहिल्या दिवशी तो हसत सुटला. “साल्या, न्हाव्यासारखा मागे काय बसलायस? समोर ये ना.” मी गंभीरपणे म्हणालो, “असंच असतं. मनात येईल ते बोल.” तो बोलू लागला. कारखाना, लग्न ठरत नाही, अण्णांचा म्हणजे वडिलांचा राग. अण्णा बाहेर पडताना कुलूप सात-सात वेळा ओढून बघायचे आणि कधीकधी कारखान्याच्या फाटकावरून परत यायचे, हेही त्यानं दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी सांगितलं. मी ते वहीच्या समासात लिहिलं आणि विसरलो. माझ्या सिद्धांतात त्याला जागा नव्हती. पाचव्या रविवारी तो म्हणाला, “आये साडेचारला उठवायची बघ आपल्याला,” आणि मी खुर्चीत सरसावून बसलो.

पुढचे सगळे रविवार मी त्याला तिथेच फिरवलं. रागवायची का? किती? नाही झालं तर काय म्हणायची? तुला काय वाटायचं? सुरुवातीला तो म्हणे, “काय वाटणार? झोप यायची.” हळूहळू, मी विचारत राहिलो तशी, त्याला भीती आठवू लागली. मग अपमान आठवू लागला. मग राग. आज मला वाटतं, त्यातला बराचसा मी विचारल्यामुळेच तयार झाला. अकराव्या रविवारी मी त्याला माझा निष्कर्ष सांगितला. दोन-अडीच वर्षांच्या वयापासून त्याच्यावर जो धाक बसला त्यामुळे त्याची स्वतःच्या शरीरावरची सत्ता हिरावली गेली. आईविषयीचा राग त्यानं दाबला. तो राग ‘घाण’ बनून हाताला चिकटला, आणि आता तो तीच घाण धुतो आहे.

दिगू उठून बसला. माझ्याकडे वळून म्हणाला, “म्हणजे हे आयेनं केलं?”

मी गप्प राहिलो. गप्प राहणं हे त्या शास्त्रात तंत्र होतं. रुग्णानं स्वतः उत्तरापर्यंत पोचावं म्हणून. दिगू पोचला. उत्तरापर्यंत नाही, भांडुपला पोचला. आणि मला सोबत घेऊन गेला.

आये जेवण वाढत होती. अण्णा नुकतेच गेले होते, वर्षही झालं नव्हतं. बांगड्याचं तिखलं केलं होतं, माझ्यासाठी वेगळं कमी तिखट. दिगूनं ताट पुढे सरकवलं आणि सगळं बोलून टाकलं, माझ्याच शब्दांत. तो ‘सत्ता हिरावली’ म्हणाला तेव्हा मला माझी वही ऐकू येत होती. आये वाढायचा डाव हातात धरून उभी राहिली. तिला पुष्कळसं समजलंच नाही. समजलं ते एवढंच की मुलाचे हात सोललेत आणि ते तिच्यामुळे.

“मी काय केलंय रे?” ती म्हणाली. “संडासाक न्हेलंय, ह्यां चुकला माजा?” मग ती माझ्याकडे वळली. “बाळा, तू सांग मा. तुकाय मीच नेय होतंय. तुका खंय काय झाला?”

दिगूही माझ्याकडे बघत होता. त्या अडाणी बाईनं एका वाक्यात माझ्या अकरा रविवारांना जो प्रश्न विचारला, तो एकाही परीक्षकानं विचारला नसता. तीच पहाट, तोच डबा, तोच धाक, तीच आये, आणि माझे हात धडधाकट. ‘खरंच की आये, मला काहीच झालं नाही,’ एवढं म्हणालो असतो तरी दिगू तिथेच थांबला असता. तो थांबायची वाटच बघत होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी म्हणालो, “आये, प्रत्येकाचं मन वेगळं असतं. तुम्हाला नाही कळायचं ते.”

त्या दिवसानंतर दिगू भांडुपला राहिला नाही. आधी कारखान्याजवळ खोली घेतली, मग लग्न होऊन बोरिवलीला गेला. आजार काही गेला नाही. उलट आता त्याला कारण मिळालं होतं आणि कारण चालताबोलता माणूस होता. मुलगी झाली तेव्हा आये बारशाला आली. तिनं बाळाला मांडीवर घेतलं आणि दिगूनं ते उचलून मीनाकडे दिलं. “हिला आम्ही आमच्या पद्धतीनं वाढवू,” तो म्हणाला. मीनानं नंतर मला विचारलं, “भावजी, सासूबाईंनी नक्की केलंय तरी काय? हे काही सांगत नाहीत, म्हणतात बाळ्याला माहीतेय.” मी म्हणालो, “लहानपणच्या गोष्टी असतात गं.” आये चाळीत एकटी राहिली. आणि मी दिगूची गोष्ट वर्गात शिकवत राहिलो. नाव ‘द’, वय एकोणतीस, व्यवसाय नकाशे काढणं. शिक्षकांच्या एका चर्चासत्रात मी त्यावर निबंधही वाचला, टाळ्या पडल्या.

मग एका वर्षी वर्गात एक मुलगी उभी राहिली. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतून यायची, फारशी बोलत नसे. “सर, आमच्याकडं पण रांग असते. समदी पोरं अशीच नेतात, ओरडून. मग समद्यांनाच हा आजार का नाही होत?” वर्ग हसला. मी तिला म्हणालो, “आधी पुस्तक नीट वाच, मग प्रश्न विचार.” ती खाली बसली. तास संपल्यावर मी स्टाफरूममध्ये चहा समोर ठेवून बसलो आणि तो प्यायलो नाही. तोच प्रश्न होता. आयेचाच.

त्यानंतर मी वाचायला लागलो. जे मी मुद्दाम वाचत नव्हतो ते. हा आजार घराण्यात चालतो, बहुतेकदा तरुणपणी डोकं वर काढतो, मेंदूच्या घडणीशी त्याचा संबंध आहे, आणि आईनं संडासला कसं बसवलं याच्याशी तो जोडायचा प्रयत्न ज्यांनी तपासून पाहिला त्यांच्या हाती काही लागलं नाही. मी जुनी वही काढली. समासात माझ्याच अक्षरात होतं: ‘वडील. कुलूप. सात वेळा.’

इथं मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे, कारण हा सगळा लेख त्यासाठी आहे. मला हे कळलं तेव्हा आये जिवंत होती. त्यानंतर ती चार वर्षं जगली. मुलुंडहून भांडुप किती लांब? चालत गेलो असतो तरी तासाभरात पोचलो असतो.

त्या चार वर्षांत मी एकदाच गेलो, तेही चाळीत दुसऱ्या कुणाच्या तेराव्याला. आयेनं मला जिन्यात गाठलं आणि घरात नेलं. चहा केला. ती खूप वाळली होती. “दिगू बरो आसा मा?” तिनं विचारलं. मी हो म्हणालो. थोडा वेळ ती पदराचं टोक चाळवत बसली. मग म्हणाली, “माजा काय चुकला ता माका कळणा नाय, बाळा. पण चुकला आसतला. तू येवढो शिकलेलो, तू खोटा कित्या सांगशीत? तेका सांग, आयेचा चुकला. मनात ठेव नको म्हणान सांग.”

मला तिथेच तिच्या पायाशी बसायला हवं होतं. ‘आये, तुझं काही चुकलं नाही, माझं चुकलं,’ एवढी सात शब्दांची गोष्ट होती. मी बशीतला चहा पीत होतो. मनात काय आलं ते खरं सांगतो: आता हिला सांगितलं तर ही दिगूला सांगेल, दिगू मला विचारेल, तो निबंध, ते वर्ग, ती सगळी वर्षं… मी म्हणालो, “सांगतो आये.”

आणि मी सांगितलं. माझ्या हातून वेळेवर पोचलेला निरोप तेवढाच. पुढच्याच रविवारी बोरिवलीला जाऊन मी दिगूला म्हणालो, “आये माफी मागतेय.” तो उठून नळाशी गेला आणि हात धुऊन आला. मग म्हणाला, “म्हणजे तिनं कबूल केलं. मला वाटायचं, तू उगाच काहीतरी पुस्तकातलं सांगितलंस की काय. कधीकधी वाटायचं यार. पण तीच म्हणते म्हटल्यावर…” त्याच्या मनात इतकी वर्षं शंका होती. मी ती माझ्या हातानं पुसून टाकली, आणि पुसताना मला माहीत होतं की शंकाच खरी आहे.

तो आयेला भेटायला गेला. लुगडं घेऊन गेला. परत आल्यावर मला म्हणाला, “माफ केलं मी तिला. बरं वाटलं रे. तिनं हात जोडले.” वर्षाच्या आत आये गेली.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मीनानं हट्ट धरून त्याला बोरिवलीतल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि एक विचित्र वाटणारा व्यायाम दिला. दाराच्या कडीला हात लावायचा आणि न धुता बसून राहायचं. आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग तास. जीव कासावीस होतो, होऊ द्यायचा, तो आपोआप खाली येतो. मीना घड्याळ धरून बसायची आणि दिगू तिला शिव्या घालायचा. सात-आठ महिन्यांत त्याच्या हातांना कातडी आली. पहिल्यांदा त्यानं नातवासाठी कणकेचा पोपट केला, तेव्हा मीना स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडली. हे सगळं त्यांचं दोघांचं आणि त्या डॉक्टरीणबाईंचं यश. त्यात माझा काडीचा वाटा नाही. ते मजल्यावरचे गृहस्थ हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी हे वाक्य.

बरा झाल्यावर दिगू माझ्याकडे मुलुंडला आला. गॅलरीत बसलो होतो. “डॉक्टरीण म्हणते, आयेचा काही संबंध नाही. कुणाच्याच आईचा नसतो म्हणे. विचारलं, घरात आणखी कुणाला? मी म्हटलं अण्णा कुलूप ओढायचे. ती म्हणाली, हं, बघा.” त्यानं स्वतःच्या हातांकडे बघितलं. “बाळ्या, मग आये माफी कशाची मागत होती रे?”

तो आरोप करत नव्हता. खरंच विचारत होता. एका मित्राला, जो शिकलेला आहे आणि ज्याला माहीत असेल.

“म्हातारी माणसं मागतात रे,” मी म्हणालो. “आणि तेव्हा आम्हालाही एवढंच ठाऊक होतं. हे सगळं नवीन संशोधन आहे.”

“हां, ते पण आहे,” तो म्हणाला. “तू तरी काय करणार?” आणि त्यानं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. मला माफ करून टाकलं त्यानं, न मागता, चुकीच्या गुन्ह्यासाठी. अज्ञानासाठी. माझा गुन्हा अज्ञानाचा नव्हता.

या वर्षी त्याचं हृदय थकलं. इस्पितळात मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा सगळं सांगून टाकायचं ठरवून. पहिल्या वेळी मुलगी बसलेली होती. दुसऱ्या वेळी तो झोपला होता आणि मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. तिसऱ्या वेळी दुपारी आम्ही दोघंच होतो. मीना खाली औषधं आणायला गेली होती. मी खुर्ची त्याच्या डोक्याशी ओढली, तर तो क्षीण आवाजात म्हणाला, “समोर बस ना. दिसत नाहीस.” मी समोर बसलो. त्याच्या नाकात नळी होती. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

“काय सांगायचंय तुला?” त्यानं विचारलं.

“मला? काही नाही.”

“तीनदा आलास. दर वेळी तोंड उघडतोस आणि मिटतोस. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा.” तो हसला आणि त्याला ढास लागली. ती थांबल्यावर म्हणाला, “बोल. मनात येईल ते बोल.”

मी त्याच्या चादरीची घडी सारखी केली. पाणी हवंय का विचारलं. तो नको म्हणाला आणि वाट बघत राहिला. मी त्याच्या डोक्यामागे बसून बघायचो तशी नाही, समोरासमोर, माणूस माणसाची बघतो तशी. बाहेर लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला आणि मीना पिशवी घेऊन आत आली. मी उठलो. “उद्या येतो,” म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या आतच मीनाचा फोन आला.

दिगू, मला हे सांगायचं होतं. आये माफी मागत होती तेव्हा तिचा काही दोष नव्हता, आणि मला ते माहीत होतं. डॉक्टरीणबाईंच्या कितीतरी आधी, आये जिवंत असताना, तिचा निरोप घेऊन मी तुझ्या दारात उभा होतो त्या क्षणी मला ते माहीत होतं. ती माफी माझी होती. मी ती तिच्या नावावर तुला दिली. मला…